फाइल खरी कुठं राहते?

रविवारी विहारात वंदना झाली की बायका दारातल्या चपला शोधता शोधता गप्पा मारतात. त्यात एखादी नवी सून मला हटकून विचारते, "मावशी, तुम्ही रिटायर झालात ना? मग अजून बॅग घेऊन कुठं जाता?" मी सांगते, "लोकांच्या हरवलेल्या फाइली शोधायला." ती मान डोलावते, पण तिच्या डोळ्यांपुढं लाल फडक्यात बांधलेले धुळकट गठ्ठे आलेत हे मला स्पष्ट दिसतं. मी पुढं खुलासा करत नाही. खुलासा करायचा तर मॅक्रोपासून सुरुवात करावी लागते, आणि तोवर तिच्या चपला सापडलेल्या असतात.

तुम्ही दिवाळीची सुट्टी काढून, फराळाचं ताट शेजारी ठेवून वाचायला बसला आहात. तेव्हा तुम्हाला सांगायला हरकत नाही.

एक्सेलचा तक्ता आता सगळ्यांनाच माहीत आहे. त्या तक्त्याला एखादं काम पायरीपायरीनं लिहून देता येतं. या रकान्यातला नंबर वाच, शेजारच्या फोल्डरमधून त्या नंबरचा फोटो आण, या चौकोनात बसव आणि कागदावर छाप. अशा लिहून दिलेल्या कामाला मॅक्रो म्हणतात. एकदा लिहिला की बटण दाबायचं आणि चहा प्यायला जायचं. मी नोकरीभर हेच केलं. टायपिंगच्या क्लासातून ऑफिसात आले. पुढं टाइपरायटर गेले आणि कॉम्प्युटर आला. त्याला धूळ लागू नये म्हणून साहेब लोक त्याच्यावर चादर घालून ठेवायचे. मी चादर काढली. माझी पात्रता एवढीच.

आता शेजारच्या फोल्डरमधून फोटो आणायचा, तर आधी आपण स्वतः कुठं आहोत हे मॅक्रोला कळावं लागतं. म्हणून सुरुवातीच्याच ओळीत आम्ही तक्त्याला विचारतो, बाबा रे, तू कुठं आहेस? पूर्वी तो सरळ सांगायचा. डी ड्राइव्ह, अमक्या फोल्डरात, तमक्या फोल्डरात. मग क्लाउड आलं. क्लाउड म्हणजे फाइलची एक प्रत आपल्या मशीनवर, दुसरी दूर कुठल्याशा मशीनवर, आणि दोन्ही आपोआप सारख्या राहतात. सोय उत्तम आहे, माझं तिच्याशी भांडण नाही. पण क्लाउडच्या फोल्डरात ठेवलेल्या तक्त्याला "कुठं आहेस?" विचारलं की तो मशीनवरची जागा सांगतच नाही. इंटरनेटवरचा लांबलचक पत्ता सांगतो. स्वयंपाकघरातून नवऱ्याला हाक मारावी, "अहो, कुठं आहात?", आणि त्यांनी बाजेवर पडल्या पडल्या आधार कार्डावरचा पत्ता वाचून दाखवावा, तसं. पत्ता खोटा नसतो. पण चहा कुठं नेऊन द्यायचा ते काही त्यावरून कळत नाही.

हा रोग जिल्ह्यात पसरला तेव्हा मी नुकती निवृत्त झाले होते. पहिले रोगी नळदुर्गचे एक ट्रान्सपोर्टवाले शेठ. त्यांच्या प्रत्येक ट्रकच्या कागदपत्रांचे फोटो एका बटणावर छापून मिळतील असा तक्ता मी फार पूर्वी करून दिला होता. कॉम्प्युटरच्या दुकानदारानं तो सगळा पसारा क्लाउडवर चढवला आणि बटण आंधळं झालं. शेठचा फोन आला, "म्याडम, ट्रका हायवेला हायत आन कागदं ढगात. ड्रायवर फोनावर फोन करायलाय. म्या काय ढगाला शिडी लावू का?"

मी सोपा मार्ग धरला. फोल्डर मशीनवर कुठं आहे ते डोळ्यांनी बघितलं आणि ती वाट कोडात जशीच्या तशी लिहून टाकली. शेठ खूश. त्यांनी तोच तक्ता घरच्या लॅपटॉपवर उघडला आणि पुन्हा फोन. कारण त्या वाटेत मशीन वापरणाऱ्याचं नाव येतं, आणि आपल्याकडं ते वापरणाऱ्याचं कधीच नसतं. ज्या दुकानात मशीन फॉर्मॅट झालं त्या दुकानाचं असतं, नाहीतर दुकानदाराच्या मनात त्या दिवशी जे असेल ते. शेठच्या घरच्या लॅपटॉपवर नाव निघालं "प्रियंका". शेठच्या घरात प्रियंका कुणीच नाही. त्यावरून घरात थोडा वेळ जे वातावरण तापलं त्याची जबाबदारी मी घेत नाही. मात्र तेव्हापासून एक नियम केला. वाट हातानं लिहायची नाही, मॅक्रोनं ती दर वेळी स्वतः शोधली पाहिजे.

तो शोध मला पूर्णपणे लावावा लागला तो एका बोकडासाठी.

आमच्या जिल्ह्यात शेळ्या पाळणाऱ्या बायकांची एक संस्था आहे. जिल्ह्याचं नाव आता धाराशिव झालं, पण आमची काळी शेळी जगभर उस्मानाबादी म्हणूनच ओळखली जाते. शेळीला विचाराल तर ती दोन्ही नावांना सारखेच कान हलवते. ही संस्था चांगले बोकड पैदाशीसाठी निवडते. बोकड कितीही देखणा असला तरी आधी त्याची आई बघतात. तिला जुळी होत होती का, दूध किती होतं. त्यासाठी प्रत्येक बोकडाचं एक कार्ड असतं. त्यावर त्याचा फोटो, आईचा फोटो, दोघांच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर. कार्ड मॅक्रोतूनच निघालं पाहिजे असा नियम आहे, आणि त्याला कारण आहे. एकदा कुणीतरी भलत्याच शेळीचा फोटो आई म्हणून चिकटवून आणला होता. सगळ्याच काळ्याभोर, कोण कुणाची आई हे ओळखणार कसं? म्हणून मॅक्रो बिल्ल्याचा नंबर तपासून स्वतः फोटो उचलतो, माणसाचा हात मध्ये नको. तो मॅक्रो माझाच.

निवड झालेला बोकड संस्था सांभाळते. निवड न झालेल्याचं पुढं काय होतं ते सांगायला नको.

एका सकाळी संस्थेच्या डॉक्टर वाघमाऱ्यांचा फोन आला. तरुण, हुशार, जनावरांचे डॉक्टर. "मॅडम, कार्डावर फोटोच येईनात. सगळे चौकोन कोरे. आणि उद्या बोकड निवडायला कमिटी येणार आहे."

"काल-परवात काय बदललंत?"

"काहीच नाही," ते म्हणाले. या धंद्यात प्रत्येक जण आधी हेच म्हणतो. मग हळूच पुढचं आलं. विजेचा दाब वाढून ऑफिसचं जुनं मशीन जळालं होतं. पुन्हा तसं होऊ नये म्हणून त्यांनी सगळं क्लाउडवर टाकलं होतं आणि स्वतःच्या नव्या लॅपटॉपवर घेतलं होतं. केलं ते शहाणपणाचंच. मी बॅग उचलली.

ऑफिसच्या दाराशी बाकावर एक बाई बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. या शेवंताबाई, येडशीकडच्या, रामलिंगच्या रानालगत त्यांची वस्ती. मालक वारलेले, शेती दिराच्या हातात, शेळ्या तेवढ्या यांच्या. यांच्या बोकडाचं नाव मुंगळ्या. काळा, चकचकीत आणि सतत कुणाच्या तरी मागं लागणारा, म्हणून मुंगळ्या. उद्या कमिटी याच बोकडाला बघणार होती, आणि शेवंताबाई त्याचं कार्ड न्यायला पहिल्या गाडीनं आल्या होत्या.

"कार्ड न्हाय मिळालं तर?" मी विचारलं.

"भावजींनी येपाऱ्याला शब्द दिलाय. म्हणत्यात, बोकड काय दूध देतंय व्हय, निसतं खातंय. उद्या सायबांनी घेतला तर घेतला. न्हाईतर परवा गाडी ईल आन..." त्या पिशवीच्या बंदाला पीळ देत राहिल्या.

मुंगळ्याची आई मैना. तिला दर खेपेला जुळी होत. पण ती आता नव्हती, उन्हाळ्यात रानात लांडग्यानं नेली होती. म्हणजे तिला कमिटीपुढं उभी करता येणार नव्हती. तिचं जे काही उरलं होतं ते या लॅपटॉपमध्ये होतं, आणि लॅपटॉप "फोटो सापडला नाही" याच्या पलीकडं बोलायला तयार नव्हता.

मी कामाला बसले. शेवंताबाई उठून माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या. मागं उभं राहून कुणी स्क्रीनवर डोळे लावले की माझं डोकं तडकतं, नोकरीत मी साहेबांनाही "जरा बाजूला व्हा" म्हणून सांगितलंय. त्यांना मात्र म्हणवलं नाही.

"म्याडम, त्या डब्यात माजी मैना हाय का न्हाय, येवढंच सांगा."

"आहे."

"मंग भाईर का येईना?"

"ती कुठं आहे ते डब्यालाच नीट सांगता येईना, शेवंताबाई."

"आस्सं," त्या म्हणाल्या. "मंग तुमी इचारत ऱ्हावा."

मी विचारत राहिले. पहिला उपाय सोपा होता. क्लाउडचं मुख्य फोल्डर मशीनवर कुठं आहे ते विंडोज एका शब्दात सांगतं. विचारलं, त्यानं सांगितलं. ते निघालं डॉक्टरांचं खासगी फोल्डर, त्यात त्यांच्या साखरपुड्याचे फोटो. शेवंताबाई म्हणाल्या, "पोरगी नक्षत्रावानी हाय." डॉक्टर लाजले. मला तिथं शेळी पाहिजे होती.

दुसरा उपाय जरा खोल. विंडोजच्या पोटात एक जागा असते, तिथं क्लाउडचा प्रोग्राम स्वतःसाठी नोंद करून ठेवतो की इंटरनेटवरचा अमुक पत्ता म्हणजे या मशीनवरची अमुक जागा. ही जोडी मिळाली की तक्त्यानं सांगितलेल्या पत्त्याचा पुढचा भाग काढायचा, त्या जागी मशीनवरची जागा लावायची, तिरक्या रेघा उलट्या करायच्या, मध्ये घुसलेली टक्क्यांची चिन्हं काढून नावं पूर्ववत करायची. एवढं केलं की वाट मिळते. नळदुर्गच्या शेठचं काम पुढं याच उपायानं कायमचं मिटलं होतं, त्यामुळं मी जरा ऐटीतच बटण दाबलं.

कोरे चौकोन.

कारण लक्षात यायला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात मी स्वतःला बरंच काही बोलून घेतलं. फोल्डर होतं संस्थेच्या खात्यावरचं. डॉक्टरांच्या लॅपटॉपवर ते नुसतं वाटून घेतलेलं, म्हणजे शेअर केलेलं, होतं. म्हणजे पत्ता बोलत होता संस्थेच्या नावानं आणि फाइल राहत होती डॉक्टरांच्या घरात. दोन्हींचा मेळ विंडोजच्या नोंदीत कुठंच नव्हता. सून सासरी नांदते आणि रेशनकार्डावर नाव अजून माहेरचं, असला प्रकार.

डॉक्टर मागं येरझाऱ्या घालत होते. "मॅडम, आपण हातानं फोटो टाकू का? मी कमिटीला समजावून सांगतो."

"आणि ते म्हणाले ही मैना कशावरून, तर?"

नियम डॉक्टरांनीच केला होता, आणि बरोबर केला होता.

मग मी पत्ता पुढून धरायचं सोडलं आणि शेपटाकडून धरला. पुढं कुणाचं का नाव असेना, शेवट तर तोच असणार. फाइलचं नाव, तिच्या आधीचं फोल्डर, त्याच्याही आधीचं. मॅक्रोला लिहून दिलं की पत्त्याचं डोकं एकेक तुकडा कापत जा, उरलेलं शेपूट मशीनवरच्या प्रत्येक क्लाउड फोल्डरला जोडून बघ, आणि तिथं हीच फाइल आणि तिच्या शेजारी फोटोंचं फोल्डर दिसलं की थांब. युक्ती दिसायला गावंढळ आहे. पण कुणाच्या मशीनवर कुणाचं नाव आहे याच्याशी तिला काही देणंघेणं नाही, म्हणून मला ती फार आवडते.

तरी ती एका जागी अडली. तपासून बघितलं तर वाटेतल्या एका फोल्डरच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटली होती. मी डॉक्टरांकडं बघितलं. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा संस्थेनं पाटी बदलली, शिक्का बदलला, लेटरहेड बदललं, आणि त्याच उत्साहात कुणीतरी फोल्डरचं नावही इंग्रजीतलं काढून देवनागरीत केलं होतं. मॅक्रोची फाइल शोधायची जुनी पद्धत आहे, तिला देवनागरी वाचता येत नाही. वाचता येत नाही म्हणून सांगायचं तर तेही नाही, प्रश्नचिन्हं मांडून मोकळी. मी ती पद्धत काढली आणि दुसरी घातली, जिला आपली अक्षरं कळतात. फोल्डरचं नाव मात्र बदललं नाही. आपल्या मुलखाचं नाव आपल्या अक्षरांत लिहिलं तर मशीननं ते वाचलं पाहिजे, हा माझा हट्ट जुना आहे.

उन्हं कलली होती. शेवंताबाईंनी पिशवीतली भाकरी सोडली, अर्धी माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाल्या, "आदी खावा. उपाशी मानसाला कायबी सापडत न्हाय." मी खाल्ली. मग बटण दाबलं.

पहिल्या चौकोनात मुंगळ्या आला. काळा, चकचकीत, फोटो काढणाऱ्याकडं रागानं बघणारा. डॉक्टरांनी टाळीच वाजवली. शेवंताबाई मात्र दुसऱ्या चौकोनाकडं बघत होत्या. तो कोराच होता.

वाट बरोबर होती. नंबर बरोबर होता. फाइलचं नाव समोर दिसत होतं. मग मी फोल्डर उघडून बघितलं आणि सुटकेचा पहिला श्वास घेतला. मैनाच्या फाइलीशेजारी निळा ढग होता. क्लाउडची ही एक सवय आहे. ज्या फाइलीला बरेच दिवस कुणी हात लावत नाही, तिचं फक्त नाव मशीनवर ठेवायचं आणि फाइल वरती नेऊन ठेवायची. मैना गेल्यापासून तिचा फोटो कोण उघडणार होतं? मी त्या फाइलीला खाली यायला सांगितलं. ऑफिसचं नेट म्हणजे चढावरची बैलगाडी. गोल चक्र फिरत राहिलं. शेवंताबाईंची परतीची गाडी सुटायची वेळ होत आली होती, डॉक्टरांनी "मी मोटरसायकलवर सोडतो" म्हणून सांगितलं तरी त्या कुणाचं ऐकत नव्हत्या, चक्राकडं बघत होत्या.

ढग गेला आणि तिथं हिरवी खूण आली. मी पुन्हा बटण दाबलं.

मैना आली. चौकोनात ताठ उभी, पोट भरलेलं, कानात बिल्ला. शेवंताबाईंनी स्क्रीनला बोट लावलं. "हीच. कानाची कड फाटल्याली हाय बगा, ल्हान असताना बाभळीत आडकली व्हती." मग त्या खाली बसल्या, पदर तोंडाला लावला आणि रडल्या, मोकळेपणानं. मलाही राहवलं नाही. नोकरीत शेकड्यांनी कागद छापले असतील, पण प्रिंटरमधून कार्ड बाहेर येताना मी श्वास रोखून धरला तो पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी मीही शेवंताबाईंच्या वस्तीवर गेले. निमित्त लॅपटॉपचं, खरं म्हणजे मला घरी बसवेना. कमिटीचे लोक खडूस होते, तसेच पाहिजेत. मुंगळ्याचे दात बघितले, पाय बघितले, वजन केलं. त्यानं एका साहेबांचा रुमाल खाल्ला. मग त्यांनी कार्ड मागितलं. एकानं बिल्ल्याचा नंबर जुळवला, मैनाचा फोटो निरखला, जुळ्यांच्या नोंदी वाचल्या आणि म्हणाला, "आई चांगली होती." कोपऱ्यात दीर उभे होते, त्यांनीसुद्धा मान हलवली. निवड झाली. व्यापाऱ्याला तिथूनच फोन गेला की गाडी आणू नका.

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं दिसत होतं. माझंही उतरलं होतं. हे काम असं आहे की नीट झालं तर झाल्याचं कुणाला कळत नाही. बटण दाबलं, कागद आला, त्यात काय विशेष? इतकी वर्षं केलेल्या कामावर माझं नाव कुठं नाही, याची कधीकधी चुटपुट लागते. माझ्यामागं हे कोण करील हेही कळत नाही, शिकायला बसवलं की पोरं म्हणतात, मावशी, हे आता मशीन आपोआप करतं. करत असेल. पण त्या अंगणात मला कशाचीच चुटपुट नव्हती. मुंगळ्या जिवंत होता आणि रुमाल चावत होता.

मग डॉक्टर जरा अवघडून म्हणाले, "शेवंताबाई, नियम माहीत आहे ना तुम्हाला?"

नियम मलाच माहीत नव्हता. निवडलेला बोकड त्याच गावात ठेवत नाहीत. गावातल्या शेळ्या त्याच्या बहिणी, पुढच्या त्याच्या लेकी. म्हणून त्याला दुसऱ्या गावी नेतात, दुसऱ्या बाईच्या दावणीला. मुंगळ्या तेरच्या अलीकडच्या एका वस्तीवर जाणार होता, त्याच दिवशी. म्हणजे बोकड वाचला तरी शेवंताबाईंच्या अंगणातून जाणारच होता. मला एकदम वाटलं, मग आपण कालचा दिवसभर कशासाठी झगडलो? मी त्यांच्याकडं बघितलं. त्या शांतपणे खुंट्याची गाठ सोडत होत्या.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"व्हय की. पयल्यापासनं."

"मग काल रडलात ते..."

त्यांनी दोरी डॉक्टरांच्या हातात दिली. मुंगळ्याच्या शिंगांमध्ये खाजवलं. मुंगळ्याला नेणारा टेम्पो वळून रस्त्याला लागेपर्यंत त्या बघत राहिल्या, मग माझ्याकडं वळल्या.

"म्याडम, येडशीला एक गाडी, धाराशिवला बदलायची, तिथनं तेरची. कवाबी जाऊन बगता येतंय. बाजारला गेल्याल्याला बगाया कंच्या गाडीनं जावं?"